दाखवत नसाल तर निदान वाटू तरी द्या

प्रति,
माननीय माहिती आणि प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : टीव्हीवर क्वचितच दिसणाऱ्या कनू स्लॅलमची घरगुती रेकॉर्डिंग आणि त्यांची देवाणघेवाण

महोदय,

मी नांदेडचा. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, आता निवृत्त आहे. नोकरीत कबड्डी, खो-खो, लेझीम सगळं घेतलं, पण वेड लागलं ते भलत्याच खेळाचं. खळाळत्या पाण्यावर टांगलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून, म्हणजे गेटांमधून, होडी काढत खाली यायचं, एवढाच तो खेळ. हिरव्या-पांढऱ्या काठ्या असल्या की प्रवाहाबरोबर जायचं, लाल-पांढऱ्या दिसल्या की वळून प्रवाहाच्या उलट चढायचं. काठीला नाव, वल्हं किंवा अंग लागलं तर वेळेत 2 सेकंदांची भर, गेटच चुकलं तर 50. शर्यत संपते दीड-दोन मिनिटांत, तेव्हा 50 सेकंद वाढले की घरचा रस्ता धरायचा.

मराठवाड्यातल्या माणसानं पाण्याचं वेड घ्यावं यावर आमचे पाहुणे-रावळे अजून हसतात. हसोत बापडे.

सुरुवात 1996 सालची. अटलांटा ऑलिंपिक. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. धाकट्या भावानं लिएंडर पेसची मॅच मिळेल म्हणून व्हीसीआरमध्ये कॅसेट घालून ठेवलेली, आणि टेनिसच्या जागी आली नदी. सतरा वर्षांचा एक पोरगा एका पात्याचं वल्हं घेऊन गुडघ्यावर बसलेला. मिखाल मार्तिकान. त्यानं सुवर्ण जिंकलं, स्वतंत्र स्लोव्हाकियाचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. देश जेमतेम साडेतीन वर्षांचा, म्हणजे पोरगा देशापेक्षा वयानं थोरला! आमच्या कॅसेटवर हे सगळं मिळून सहा मिनिटं आहे. सातव्या मिनिटाला लाईट गेली. लाईट आली तेव्हा व्हीसीआरचं घड्याळ बारावर लुकलुकत होतं आणि कॅसेट जिथल्या तिथं थांबलेली.

ती सहा मिनिटं मी किती वेळा पाहिली याचा हिशोब नाही. पुढं कळलं की असे वेडे आणखीही आहेत. एक पुण्यात होता, एक कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगच्या कामाला. तिथं सकाळी वीजप्रकल्पाचं पाणी सुटलं की नदी जागी होते. ज्याच्याकडं जे असेल ते तो कॉपी करून पाठवायचा. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडायचे, एकात कोरी कॅसेट, एकात भरलेली, आणि तीन तास खोलीत कुणाला येऊ द्यायचं नाही. कॅसेट जुन्या पेपरात गुंडाळून एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायची. पाच रुपये चहापाण्याला. एकही कॅसेट हरवली नाही, हे एसटीच्या बाजूनं आवर्जून सांगतो.

माझा एक मावसभाऊ जर्मनीत नोकरीला होता. त्यानं तिकडच्या टीव्हीवरून स्पर्धा भरून पाठवल्या. जर्मनीची आणि आपली टीव्हीची पद्धत तेव्हा एकच, पाल, त्यामुळं कॅसेट घातली की चित्र स्वच्छ. अमेरिकेहून एकानं अटलांटाची अख्खी शर्यत पाठवली होती. ती लावली तर नुसतं काळं-पांढरं चित्र आणि पडदा वर-वर सरकतोय. तिकडची पद्धत एनटीएससी. वर्षभर ती कॅसेट कपाटात देवासारखी ठेवली होती, मग पुण्याच्या मित्रानं कुठून तरी दोन्ही चालणारा व्हीसीआर मिळवला.

आता ही टेप पोरांना कशाला, ते सांगतो. विष्णुपुरीच्या बॅकवॉटरला आम्ही दोरीवर बांबूची गेटं टांगून सराव घेतो. पोरं बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरांतली, थर्माकोलच्या चप्पूवर वाढलेली. पाण्याची भीती कुणालाच नाही. पण ते पाणी थांबलेलं. जायकवाडीची दारं उघडली की गोदावरी धावायला लागते, तेव्हा तिच्यात पोरं उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून वेगाचं पाणी कसं वागतं हे ती पडद्यावरच बघतात.

एका संध्याकाळी मी टेप एका जागी थांबवली. खडकाच्या मागं पाणी उलटं वर सरकतं, तिथं लाल-पांढरं गेट असतं. नाववाला त्या उलट्या पाण्यात नाक घालतो, एक वल्हं खोल रोवतो, आणि नाव वल्ह्याभोवती फिरते. पॉज केलं की पडद्यावर दोन आडव्या पट्ट्या यायच्या, नेमक्या वल्ह्यावर. मी रिमोट दाबून एकेक चित्र पुढं सरकवत होतो. मागून एक जण म्हणाला, "सर, ह्यो वल्हं मारीनाच की! नुस्तं धरून ऱ्हायलाय." तीस वर्षं शिकवून मला जे शब्दांत सांगता आलं नसतं, ते त्यानं तिथं ओळखलं. दुसऱ्या दिवशी बॅकवॉटरला तिघा जणांनी तसं वळण घेऊन दाखवलं. जर्मन कॉमेंट्री ऐकून ऐकून त्यांच्यात एक शब्दही रुळलाय. काठीला धक्का लागला की सगळे मिळून ओरडतात, "बेऱ्यूरुंग!" गोदेच्या काठावर.

मग जमाना सेट-टॉप बॉक्सचा आला आणि आमचं खातं बुडालं. 2016 ची गोष्ट. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या फेरीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. माझी बहीण तिथं राहते. ऑगस्टमध्ये तिच्या घरी बसून आम्ही रिओचं स्लॅलम पाहिलं. रिओत नदी नव्हतीच, पंपानं पाणी वर चढवून सिमेंटच्या पात्रात सोडलेलं. बहीण म्हणाली, "हे पाणी बघायला कशाला दाखवता रं मला?" मला उत्तर सुचलं नाही, मी चहा मागितला. शर्यत बॉक्समध्ये रेकॉर्ड केली होती. पण त्या बॉक्समधून ती बाहेर काढता येत नाही, कुलूप असतं. दोन वर्षांनी बॉक्स बिघडला, कंपनीनं बदलून दिला, रिओ जुन्या बॉक्सबरोबर गेलं. म्हणजे 1996 ची कॅसेट माझ्याकडं आहे आणि 2016 चं काहीही नाही.

जुन्या कॅसेटी आम्ही संगणकावर उतरवल्या. त्यातलं एक वळण, चाळीस सेकंदांचं, एका मुलानं इंटरनेटवर टाकलं. तासाभरात काढलं गेलं, वर खात्याला तंबी. पोरगं घाबरून माझ्याकडं आलं. त्याला वाटलं पोलीस येतात.

महोदय, कॉपीराइटचा कायदा तुमच्या नाही, वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, हे मला ठाऊक आहे. तरी तुमच्याकडं येतोय, कारण पडद्यावर काय दिसावं हे तुमच्याकडं ठरतं. 1957 च्या त्या कायद्याचं कलम 39 सांगतं की स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा निव्वळ शिकवण्यासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करणं गुन्हा नाही. प्रसारकाचा हक्क 25 वर्षांचा. म्हणजे अटलांटाच्या प्रसारणावरचा तो हक्क 2021 च्या अखेरीस संपला. त्यातल्या चित्रीकरणावर वेगळे हक्क असू शकतात, तेही मान्य. पण मी माझ्या पोरांना दाखवलेलं चालतं, तर तेच कोलाडच्या मित्राला त्याच्या पोरांसाठी कॉपी करून दिलं तर चालतं की नाही? हे मला आजवर कुणी छातीठोक सांगितलं नाही. एका वकिलानं तर फीही घेतली आणि "बघावं लागेल" म्हणाला.

क्रिकेटचा चालू सामना चोरून दाखवणाऱ्यांवर कारवाई जरूर करा, त्याबद्दल तक्रार नाही. हक्कांना कोट्यवधी रुपये मोजलेले असतात. पण जी शर्यत कुणी पुन्हा दाखवत नाही, कुणी विकत नाही, मागितली तरी मिळत नाही, ती फुकटात एका शिक्षकानं दुसऱ्याला दिली तर कुणाचा धंदा बुडतो? दोन्ही एकाच तराजूत तोलू नका, इतकं वाणिज्य खात्याला तुम्ही कळवू शकता. पैसे न घेता, सरावासाठी, बाजारात न मिळणाऱ्या रेकॉर्डिंगची देवाणघेवाण चालेल, असं एका परिपत्रकात लिहिलं तरी पुष्कळ.

बाकीचं सगळं तुमच्या हातात आहे. 2007 च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं थेट चित्रण प्रसार भारतीला मिळतं. ज्या शर्यतीत भारतीय नाही ती टीव्हीवर दाखवायला वेळ नसतो, हे समजू शकतो. पण आता प्रसार भारतीचं वेव्ह्ज अॅप आहे, तिथं वेळेची अडचण काय? हक्कांच्या अटींत बसेल तेवढं तरी ठेवा. आणि दूरदर्शनच्या संग्रहात बार्सिलोनापासूनचं स्लॅलम किती शिल्लक आहे, याची नुसती यादी जाहीर करा. आपल्याकडं महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेवर खेलो इंडियाच्या स्लॅलम शर्यती झाल्या आहेत, म्हणजे खेळ आता परका राहिलेला नाही. तिथं उतरणाऱ्या पोराला फ्रान्सचा टोनी एस्तांगे सिडनीत, अथेन्समध्ये, लंडनमध्ये कसा जिंकला हे बघायला मिळू नये?

आमच्याकडं जे आहे ते तुमच्या संग्रहाला द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. पावती मात्र द्या.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नांदेड

ता.क. : व्हीसीआरचं हेड गेलंय. वजिराबादचा मेकॅनिक म्हणतो, पार्ट येत नाही, दुसरा जुना व्हीसीआर मिळाला तर त्यातला काढून बसवतो. चार कॅसेटी उतरवायच्या राहिल्यात. त्यातल्या एकीवर बुरशी आलीय आणि तिच्यावरच नेमकं लेबल नाही.