अजिंक्यपद सायकल स्पर्धा मागण्याआधी किगालीकडे पाहावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही टप्प्याटप्प्यांची सायकल शर्यत पार पडल्यापासून, आता पुण्याने रस्त्यावरील सायकलिंगच्या आशियाई किंवा थेट जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे यजमानपद मागावे, असा सूर सायकलप्रेमींच्या गप्पांत वरचेवर ऐकू येतो. मी स्वतः गेली कित्येक वर्षे सायकल चालवत असल्याने हा सूर मला गोडच वाटतो. तरीही टप्प्याटप्प्यांची शर्यत भरवणे आणि अजिंक्यपद स्पर्धा भरवणे या दोन निराळ्या जबाबदाऱ्या आहेत, याकडे आपल्या वृत्तपत्रातून लक्ष वेधावेसे वाटते.

टप्प्यांची शर्यत गावावरून जाते. लोक तास-दोन तास रस्त्याच्या कडेला थांबतात, स्वारांचा जथा अर्ध्या मिनिटात समोरून सुसाट निघून जातो आणि थोड्या वेळाने वाहतूक पूर्ववत होते. अजिंक्यपद स्पर्धेत मात्र बहुतेक वेळा शहरातल्याच एका वर्तुळाकार मार्गावर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या जातात. प्रेक्षकाच्या दृष्टीने ही चंगळच, कारण एकाच जागी उभे राहून तोच स्वार दहा-पंधरा वेळा पाहता येतो. त्या वर्तुळाच्या आत ज्यांची घरे आहेत, त्यांना मात्र दिवसभर बाहेर पडणे अवघड होऊन बसते.

रवांडाची राजधानी किगाली येथे २१ ते २८ सप्टेंबर २०२५ या काळात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आफ्रिका खंडात ही स्पर्धा प्रथमच होत होती. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, टेकड्यांवर वसलेल्या या शहरातील मुख्य फेरी होती जेमतेम १५ किलोमीटरची. पण तीत गोल्फ मैदानालगतचा चढ आणि किमिहुरुरा भागातील दगडी फरसबंदीचा चढ असे दोन चढ प्रत्येक वेळी पार करावे लागत. पुरुषांची शर्यत २६७.५ किलोमीटरची होती आणि तीत एकंदर सुमारे साडेपाच हजार मीटरची चढाई होती. दीडशेहून अधिक स्वारांपैकी अवघ्या तिसांनी ती पूर्ण केली. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने शेवटचे साठाहून अधिक किलोमीटर एकट्याने कापून सलग दुसऱ्यांदा विजेतेपद मिळवले, तर महिलांच्या शर्यतीत कॅनडाच्या माग्दलेन व्हालिएर हिने भल्याभल्यांचे अंदाज चुकवले.

या आठ दिवसांसाठी किगालीतील शाळा बंद ठेवण्यात आल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांना शक्य तेथे घरूनच काम करण्यास सांगण्यात आले. नवे शैक्षणिक वर्ष नुकतेच सुरू झालेले असताना घेतलेला हा निर्णय लहान नव्हे. रवांडात शासनाने सांगितले की फारशी उलट चर्चा होत नाही. ती व्यवस्था आपण आदर्श मानावी, असे मला मुळीच सुचवायचे नाही. शेजारच्या काँगोच्या पूर्व भागातील युद्धात रवांडाचा हात असल्याच्या कारणावरून, त्याने धोरण न बदलल्यास ही स्पर्धा रद्द करावी, असा आग्रह युरोपीय संसदेनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये धरला होता. परंतु एवढी मोठी स्पर्धा घ्यायची तर शहराचा आठवडाभराचा दिनक्रम थांबवावा लागतो, ही गोष्ट तेथे निदान उघडपणे मान्य केली गेली. पुण्यात असा आठवडा कसा काढायचा, हा प्रश्न यजमानपदाच्या उत्साहात कोणी विचारताना दिसत नाही.

दुसरे असे की, किगालीला हा मान अचानक मिळालेला नाही. ‘टूर द्यू रवांडा’ ही शर्यत १९८८ साली सुरू झाली, २००९ पासून ती आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात आली आणि २०१९ मध्ये तिची श्रेणी २.२ वरून २.१, म्हणजे एक पायरी वरची, झाली. रस्ते मोकळे करणारे पोलीस, वळणावळणावर झेंडे घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक आणि शिस्तीने कडेला थांबणारे प्रेक्षक अशा वर्षानुवर्षांच्या सरावातून तयार होतात. आपली पुणे ग्रँड टूर २.२ श्रेणीची आहे, म्हणजे रवांडा २००९ मध्ये जेथे होता, तेथे आपण आज आहोत. यात कमीपणा काहीच नाही. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ कोण होणार, यावर पैजा लावणाऱ्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीच्या पिढ्या आपल्याकडेही होऊन गेल्या आहेत; त्या परंपरेत सातत्य राहिले असते, तर आज चित्र वेगळे दिसले असते, एवढेच.

सुरक्षिततेचा मुद्दा तर या सगळ्याच्या आधी यायला हवा. २०२४ मध्ये झुरिच येथील अजिंक्यपद स्पर्धेत अठरा वर्षांची एक स्विस स्पर्धक जंगलातील उतारावर पडली, ती पडल्याचे बराच वेळ कोणाच्या लक्षात आले नाही आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. त्यानंतर किगालीत प्रत्येक सायकलवर जीपीएस यंत्र बसवण्यात आले. स्वित्झर्लंडसारख्या काटेकोर देशात असे घडू शकते, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

म्हणून अजिंक्यपद स्पर्धेसाठी अर्ज करण्यापूर्वी प्रशासनाने तीन-चार वर्षे पुणे ग्रँड टूर न चुकता, शक्यतो ठरलेल्या आठवड्यातच भरवावी. तारखा आणि बंद राहणारे रस्ते शाळांचे वेळापत्रक तयार होण्यापूर्वी जाहीर करावेत, आणि रस्ते बंद असताना रुग्णवाहिका कोणत्या मार्गाने जाणार, याचा नकाशा पेठापेठांतून लावावा. शर्यतीसाठी केलेल्या डांबरीकरणाच्या देखभालीचा खर्च आणि कालावधीही याच वेळी प्रसिद्ध व्हावा. सातारा रस्त्यावरील सायकल मार्गावर उभी राहणारी वाहने हटवण्यासाठी तर कोणत्याही आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परवानगीची गरज नाही. ते काम या महिन्यातही सुरू करता येईल.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, पुणे