पगार सांगता, मग कर्ज पण सांगा ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मूळची परभणीची, वय 27, सध्या वाळूजला कंपनीत आहे, लग्न व्हायचंय. माझ्या वयाच्या पोरांना विचारलं लग्नाला तयार आहेस का, तर उत्तर ठरलेलं, पर्मनंट झालो की, प्लॉट घेतला की, पोलीस भरतीत नंबर लागला की. त्यांना तरी काय बोलायचं, मुलीकडचे आधी नोकरी विचारतात आणि लगेच सातबाऱ्यावर एकर किती ते पण बघतात, शेतकरी नवरा नको पण शेती पाहिजे असला कारभार. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला तेव्हा आपण सगळे हसलो. पण 2011 च्या जनगणनेत बीडला शून्य ते सहा वयात हजार मुलांमागं 807 मुली होत्या, तीच लेकरं आता कुठं लग्नाच्या वयात येतायत, म्हणजे ही रस्सीखेच अजून वाढणारच.

मला वाटतं बघायचं ते वेगळंच राहून जातं. बैठकीत "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या" असं वडील बोलले की मुलगा खाली मान घालून पोहे खातो, हुंड्याचा कायदा 1961 चा आहे हे एमपीएससीच्या अभ्यासात पाठ केलेलं असतं तरी. तिथं ज्याचं तोंड उघडत नाही तो पर्मनंट असला तरी तयार नाही, हे माझं स्पष्ट मत. मुली पण काही कमी नाहीत हां, पुण्यात फ्लॅट आहे का विचारतील पण स्वतःच्या पगारातून घरात किती टाकणार, लग्नानंतर आईवडलांना पैसे पाठवणार का, हे ठरवलेलंच नसतं.

आणि कर्ज! सोयाबीन गेलं त्या वर्षीचं पीककर्ज, बहिणीच्या लग्नाचं, गाडीचा हप्ता, सगळं हळद उतरल्यावर कळतं. मोठ्या माणसांनी दहा मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवलं तर तिथं हॉबी विचारून वेळ संपतो, आजारपणाचं आणि घरच्या जबाबदाऱ्यांचं कोण काढणार.

तुमच्या वधू-वर पानावर उंची, रंग, गोत्र, पॅकेज सगळ्याला जागा असते, तर "कर्ज किती, कुणाची जबाबदारी आहे" यासाठी एक ओळ वाढवा, जाहिरातीचा रेट तोच ठेवून जमलं तर बघा.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर