लिबुर्नजवळच्या घरातली वाळवी आणि तुमचा साडेतीन पानांचा सारांश

दिनांक: 17 नोव्हेंबर 2025

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय: फ्रान्समधील जुन्या घराच्या खरेदीत दिलेल्या सदोष सेवेबद्दल तक्रार, शुल्काचा परतावा आणि नोंदींची मागणी

स.न.वि.वि.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तुमच्या कार्यालयाशी माझे अकरा ईमेल आणि सात फोन झाले. दर वेळी पलीकडे नवीन माणूस आणि दर वेळी तोच प्रश्न, "मॅडम, जरा पहिल्यापासून सांगता का?" म्हणून आता पहिल्यापासून, एकदाच आणि लेखी सांगते. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमची जाहिरात मराठीत होती, सल्ला मराठीत होता आणि ज्या सारांशावर विसंबून आम्ही सह्या केल्या तोही मराठीतच होता. बिल तेवढं इंग्रजीत आलं.

2023 मध्ये आम्ही बोर्दोच्या पूर्वेला, लिबुर्नपासून वीस मिनिटांवर एक दगडी घर पाहिलं. 1890 च्या सुमाराचं, ओकच्या तुळयांचं. घर आम्ही शोधलं, भावही आम्हीच केला. नवऱ्याचं फ्रेंच ऑफिसपुरतं, माझं बाजारापुरतं. तुम्हाला 3,800 युरो दिले ते एकाच कामासाठी: कागद वाचा आणि त्यात काय लिहिलंय ते आम्हाला सांगा.

कागद भरपूर होते. इथे विकणाऱ्याला घराच्या तपासण्यांची फाइल द्यावी लागते. घर 1949 च्या आधीचं असल्यामुळे रंगातल्या शिशाची तपासणी, शिवाय ॲस्बेस्टॉस, वायरिंग, ऊर्जा, शोषखड्डा आणि जिरोंद जिल्हा वाळवीग्रस्त जाहीर झालेला असल्यामुळे वाळवीचा अहवाल. हा वाळवीचा अहवाल फक्त सहा महिने चालतो. आमच्या फाइलमधला जुलै 2023 चा होता. फेब्रुवारी 2024 मध्ये खरेदीखत व्हायचं होतं, म्हणून नोटरीने नवा मागवला. (इथला नोटरी म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला शिक्केवाला नव्हे. त्याच्याशिवाय घर नावावर होत नाही.) नवा अहवाल 22 जानेवारीला आला. मी तो त्याच दिवशी तुम्हाला पाठवला. दुसऱ्या दिवशी, 23 जानेवारीला, तुमच्या सल्लागारांचा फोन आला: "काही नाही ताई, जुनाच आहे, नुसती तारीख बदललीये."

आता हे दोन्ही अहवाल मी शब्दकोश घेऊन स्वतः वाचले आहेत. जुलैच्या अहवालात चौथ्या पानावर "न तपासलेले भाग" असा तक्ता आहे. त्यात मागची खोली आहे, कारण खोली सामानाने भरलेली. जानेवारीच्या अहवालातही तीच खोली आहे, पण कारण वेगळं: छताला जिप्समचे बोर्ड ठोकलेले, आतलं लाकूड पाहता आलं नाही. म्हणजे मागच्या खोलीच्या तुळया कुणीही, कधीही तपासल्या नव्हत्या, आणि तपासणाऱ्याने तसं दोन्ही वेळा लिहून दिलं होतं. त्याचं काम जे दिसतं ते पाहायचं आणि हाताला लागेल ते लाकूड टोचायचं. बोर्ड फोडायची त्याला परवानगी नसते. तुमच्या साडेतीन पानी सारांशात यावर एवढीच ओळ आहे: "वाळवी: आढळली नाही." आढळली नाही आणि पाहिली नाही यातला फरक कळायला वकील लागत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये पंख्याचा हुक बसवायला नवऱ्याने त्या खोलीत बोर्डाला भोक पाडलं. स्क्रू तुळईत शिरला तो लोण्यात सुरी जावी तसा. बोर्ड उतरवला तर तुळईचा वरचा पापुद्रा शाबूत आणि आत कागदाच्या थप्पीसारखं सुटलेलं लाकूड, मधे मधे मातीचे थर. आमच्या कुडाळच्या घरी आजोबा पावसाळ्याआधी प्रत्येक तुळईवर काठी आपटून कान लावायचे. भरीव वाजलं की पुढे, बद्द वाजलं की सुताराला निरोप. आम्ही शंभर वर्षांहून जुनं घर घेतलं आणि एकदाही काठी आपटली नाही. ती चूक आमची, मान्य आहे. पण त्याच तुळईच्या कडेला वीतवीतभर अंतरावर छिद्रं होती आणि प्रत्येकात वाटाण्याएवढं प्लास्टिकचं बूच. ती वाळवीचं औषध लाकडात सोडल्याची खूण. म्हणजे वाळवी आहे हे कुणाला तरी ठाऊक होतं, औषध मारून झालं होतं आणि वरून बोर्ड ठोकला गेला होता.

मी लगेच तुम्हाला फोन केला. तुमच्या दुसऱ्या सल्लागारांनी सांगितलं, "आधी सगळं काढून टाका, नवीन लाकूड बसवा, बिलं जपून ठेवा, मग बघू." आम्ही सुताराची तारीखही घेतली होती. अडवलं ते समोरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी. स्वतः निवृत्त सुतार. ते दारातच म्हणाले, एका खिळ्यालाही हात लावू नका, आधी सरकारमान्य अधिकाऱ्याला बोलवून पंचनामा करा आणि विकणाऱ्याला पोचपावतीचं रजिस्टर पत्र घाला. तसंच केलं. तुमचं ऐकलं असतं तर ती बुचं आज कचऱ्यात असती आणि आमची केस त्यांच्याबरोबर. 3,800 युरो घेणाऱ्यांपेक्षा फुकट कॉफी पिणारा शेजारी कायद्याचं जास्त जाणतो, याला काय म्हणायचं?

कायद्याचं मला आता जे कळतं ते असं. फ्रेंच नागरी संहितेच्या कलम 1641 प्रमाणे घर वापरता येणार नाही, किंवा आधी कळलं असतं तर घेणाऱ्याने ते घेतलं नसतं वा कमी पैसे दिले असते, असा छुपा दोष निघाला तर जबाबदारी विकणाऱ्याची. मात्र करारात "छुप्या दोषांची हमी नाही" असं कलम घालता येतं आणि आमच्या करारात ते होतं. तुमच्या सारांशात त्याचं "घर आहे त्या स्थितीत" झालं. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "हे सगळेच लिहितात." लिहितात, खरं आहे. पण हे कलम असताना न तपासलेली खोली घ्यायची म्हणजे धोका आपल्या अंगावर घ्यायचा, एवढं सांगायला एक वाक्य लागलं असतं. प्राथमिक करारानंतर माघारीचे दहा दिवस हातात होते. आम्ही एखादा सुतार बोलावून बोर्डाचा एक कोपरा उघडून बघितला असता.

विकणाऱ्याला दोष माहीत होता हे सिद्ध झालं तर ते कलम त्याला वाचवत नाही. म्हणून बुचांना महत्त्व. कोर्टाने नेमलेले तज्ज्ञ जूनमध्ये येऊन गेले. तुळया आणि जमिनीच्या दुरुस्तीचा खर्च 31,000 युरोच्या पुढे जातो. पण विकणाऱ्याच्या वकिलाने आता वेगळाच मुद्दा काढला आहे: "खोली तपासली नाही हे अहवालात लिहिलं होतं, अहवाल खरेदीआधी तुमच्या हातात होता, तरी तुम्ही घर घेतलंत, मग तक्रार कसली?" यावर आमच्याकडे एकच उत्तर आहे: आम्हाला नेमकं काय सांगितलं गेलं. आणि त्याचा पुरावा तुमच्याकडे आहे.

तुमचं शेवटचं उत्तर होतं, "आमची जबाबदारी चावी मिळेपर्यंत." चावी 9 फेब्रुवारी 2024 ला मिळाली. वगळलेल्या ओळी त्याआधीच्या आहेत. त्यामुळे हे उत्तर तुमच्याच विरुद्ध जातं, हे कृपया लक्षात घ्या.

तुमचे फोन "गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होत आहेत" या वाक्याने सुरू होतात. मला 23 जानेवारी 2024 च्या फोनचं आणि ऑक्टोबर 2024 मधल्या "सगळं काढून टाका" या फोनचं रेकॉर्डिंग हवं आहे. आमच्या फाइलवरच्या सगळ्या अंतर्गत नोंदी, आणि जानेवारीचा अहवाल तुमच्याकडे कुणी व कधी उघडला याची माहितीही. ती देणं जमत नसेल तर तसं लेखी कळवा, तेही कोर्टात चालेल. दुसरं, 3,800 युरोचा पूर्ण परतावा. "पुढच्या सेवेत सवलत" नको. पुढची सेवा घेण्याइतकी घरं आमच्याकडे नाहीत.

15 डिसेंबरपर्यंत वाट पाहीन. फ्रान्समधल्या दाव्याला दोष सापडल्यापासून दोन वर्षं आहेत, तिकडची घाई नाही. पुण्यातली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतल्या त्रुटीची तक्रारही दोन वर्षांतच करावी लागते आणि जानेवारीतल्या त्या फोनपासून मोजलं तर ही मुदत येत्या जानेवारीत संपते. जिल्हा ग्राहक आयोगासाठीची तक्रार माझ्या भावाने तयार करून ठेवली आहे. तो पुण्यातच राहतो, त्यामुळे तारखांना हजर राहायची अडचण नाही.

आणि एक विनंती. उत्तर फोनवर नको.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत: दोन्ही वाळवी अहवालांची चौथी पानं, तुमचा सारांश, पंचनाम्याची प्रत, बुचांचे चार फोटो, शुल्काची पावती.