सही करण्याआधी

ठाणे, रविवार सकाळ

तीर्थरूप बाबा आणि प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, 'तीर्थरूप' मुद्दामच लिहिलंय. सातवीत असताना मामाला लिहिलेल्या पत्रातला हाच शब्द तुम्ही लाल पेनने खोडला होता आणि वर लिहिलं होतं, 'माणसाला माणूस राहू दे.' आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे पत्र आईच वाचून दाखवणार, तेव्हा खोडायची सोय नाही. आई, तू मात्र मधलं काही गाळू नकोस. एकच जागा अशी आहे की तिथे चष्मा पुसायला थांबलीस तरी चालेल. ती आली की तुला कळेलच.

देहदानाचा फॉर्म मिळाला. त्याच्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीने 'दोघांपैकी कोणीही एक' असं लिहिलंय, म्हणजे दादा किंवा मी. दादाने नाही म्हटलं म्हणून तो माझ्याकडे आला, हेही कळलं. फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, 'तू तरी तत्त्वाला धरून वाग.' त्या 'तरी'मध्ये आमच्या घराची वास्तुशांत होती. सहा वर्षं झाली तिला. सासूबाई म्हणाल्या, शांत केल्याशिवाय मी इथे पाणी पिणार नाही, आणि मी चौरंग मांडला. तुम्ही गॅलरीत पेपर धरून बसलात, जेवलात फक्त दहीभात आणि रात्रीच्या गाडीने परत गेलात. नंतर एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

तेव्हा सुचलं नव्हतं, ते आज लिहिते.

मी आठवीत असताना तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून टेंभूला नेलं होतंत, समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांचं गाव दाखवायला. ऊन मरणाचं होतं. वाटेत तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. गोपाळराव एम. ए. व्हायच्या बेतात असताना आईला पत्र लिहितात, की मुलाच्या मोठमोठ्या परीक्षा होताहेत, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल असे मनोरथ करू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ परहितासाठी खर्च करणार आहे. तुमचा आवाज भरून आला होता. माझाही घसा दाटला होता, थोडा उन्हाने, थोडा तुमच्यामुळे. पण सायकलच्या दांडीवर बसून मी विचारलं होतं, 'मग त्यांच्या आईने काय उत्तर दिलं?' तुम्ही म्हणालात, 'ते महत्त्वाचं नाही.'

बाबा, तो प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. आईचं उत्तर आम्हाला कोणी शिकवलंच नाही.

आगरकरांचं सगळं आयुष्य तुम्हाला पाठ आहे, मी काय सांगणार? केसरी सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली, फर्ग्युसनचे प्राचार्य असतानाच १८९५ मध्ये गेले, चाळिशीही न गाठता. मागे यशोदाबाई आणि मुलं राहिली. तुमच्या टेबलाच्या काचेखाली त्यांचं ते वाक्य होतं: 'इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार.' मी रोज तिथे अभ्यासाला बसायचे, त्यामुळे ते माझ्या डोळ्यांत कोरलं गेलंय. आपल्या घरात मात्र हे वाक्य दोन माणसांनी वाटून घेतलं होतं, असं मला आता वाटतं. इष्ट ते तुम्ही बोलायचात. साध्य ते आई करायची.

तुम्ही शिकवण्या घेतल्या नाहीत. 'वर्गात जे शिकवायचा पगार घेतो, तेच घरी पैसे घेऊन का शिकवू?' हे वाक्य मी बँकेत अजून अभिमानाने सांगते. गणिताचे मास्तर आणि शिकवण्या नाहीत, लोकांना खरं वाटत नाही. पण त्याच काळात रात्री साडेअकरापर्यंत शिलाई मशीनची खडखड चालायची. फॉल-पिको, ब्लाऊज, गौरी-गणपतीच्या आधी तर झोपच नाही. माझ्या पुण्याच्या हॉस्टेलचे पैसे त्या खडखडीतून आले. तुम्ही ते कधी लपवलं नाहीत, पण मोजलंही नाहीत. आईचा उजवा खांदा आज वर जात नाही, तो काही वयामुळे नाही.

(आई, चष्मा पूस. शेजारच्या काकूंच्या सत्यनारायणाचा अर्धा रवा आणि साजूक तूप आपल्या घरातून जायचं, आणि संकल्पात तू आपल्या चौघांची नावं घालायचीस. बाबांनी नास्तिक राहायचं आणि देवाने रागवायचं नाही, अशी ती तुझी व्यवस्था होती.)

आणि दादा. १९९८ मध्ये एका संस्थेत तो शिक्षक म्हणून लागायचं ठरत आलं होतं. मग 'इमारत निधी'चा आकडा पुढे आला. तुम्ही म्हणालात, मास्तरकीची सुरुवात लाच देऊन होणार नाही. बरोबर म्हणालात. आजही माझं मत तेच आहे, आणि तो आकडा मागणाऱ्यांबद्दल मला आजही तिडीक येते. पण भोसरीच्या कारखान्यात गेला तो दादा. तीन पाळ्यांमध्ये काम केलं ते त्याने. देहदानाला तो नाही म्हणतोय ते देवाधर्मामुळे नाही, बाबा. त्याच्या घरात गणपतीसुद्धा वहिनी बसवते. तुमच्या तत्त्वाच्या कागदावर आणखी एकदा सही करायची, हेच त्याला नकोय. तुम्ही त्याला एकदा विचारा. फॉर्मबद्दल नाही, भोसरीबद्दल.

हे लिहिताना मला भीती वाटतेय, की 'पोरगी व्यवहाराची वकिली करते आहे' असं तुम्ही म्हणाल. मी बँकेत आहे. व्यवहाराच्या नावाखाली माणसं काय काय खपवतात ते रोज बघते. 'प्रॅक्टिकल हो' म्हणणारा माणूस साधारण दुसऱ्याच्या खिशाकडे बघून बोलत असतो. मला तत्त्व की व्यवहार असा वादच नकोसा झालाय. त्याऐवजी मी एवढंच बघते, की याची किंमत कोण भरतंय.

तुम्हाला न्यायमूर्ती रानड्यांचा राग यायचा. १८७३ मध्ये पहिली बायको गेली, विधवाविवाहाचे पुढारी होते, तरी वडिलांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्यांचं वय एकतीस. या बाबतीत मी तुमच्यापेक्षा जास्त रागावलेली आहे, कारण त्या तडजोडीची किंमत रानड्यांनी भरलीच नाही. रमाबाई पुढे केवढ्या मोठ्या झाल्या, पण त्या दिवशी त्या अकरा वर्षांच्या होत्या. पण पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहाचं काय? १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातली मोठमोठी माणसं तिथे जमली, चहा-बिस्किटं पुढे आली, नावं छापून आली, ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी दोन वर्षांनी प्रायश्चित्त घेतलं, ते मित्रांच्या घरची अडचण सुटावी म्हणून. सुधारकांनी त्यांना भित्रा म्हटलं. तुम्हीही वर्गात हसून सांगायचात, 'एका कप चहासाठी!' पण इथे नमते झाले ते स्वतः, हसं झालं ते त्यांचं, आणि सुटका झाली ती दुसऱ्यांची. माणूस तोच, दोन्ही वेळा नमला, आणि मला दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

आपल्या कराडातलंच बघा. आजोबा मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे. काँग्रेसच्या यशवंतराव चव्हाणांचं नाव काढलं तरी त्यांचं पान थांबायचं. नेहरू आणि महाराष्ट्र यांत निवडायची वेळ आली तर मी नेहरूंच्या बाजूने, अशा अर्थाचं यशवंतराव बोलले होते, ते आजोबांनी मरेपर्यंत विसरू दिलं नाही. चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं, त्यांचा फोटो आपल्या माजघरात होता. १९५७ ला समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोपवलं आणि यशवंतराव इथून जेमतेम निवडून आले. तुम्ही अकरा वर्षांचे, भिंती रंगवत हिंडत होतात. आणि तीन वर्षांनी, १ मे १९६० ला, मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा मुख्यमंत्री तेच. आजोबा म्हणायचे, 'रक्त आमचं, कलश त्यांचा.' यात खोटं काही नाही, शंभराहून जास्त माणसं गेली. पण आत बसून नेहरूंना पटवत राहणारा कोणी नसता तर? हा प्रश्न मी एकदा जेवताना विचारला होता, तेव्हा तुम्ही मला 'ताक वाढ' म्हणालात. मला अजून उत्तर हवंय. मला तरी वाटतं, राजीनामा देणारा आणि खुर्चीत राहणारा, दोघेही लागले. फक्त खुर्चीतल्या माणसाला आपण तिथे कशासाठी बसलोय याचा विसर पडू नये, आणि बहुतेकांना तो पडतो. आजकालच्या पक्षांतरांवर मी लिहीत नाही, तुमचा रक्तदाब वाढेल. त्यांना तडजोड म्हणणं म्हणजे तडजोडीचा अपमान आहे.

आता फॉर्म. मी वैद्यकीय महाविद्यालयात फोन करून सगळं नीट विचारलं, तुम्ही ते केलं नव्हतंत, याची मला खात्री होती. शरीरशास्त्राचा कायदा १९४९ चा आहे, पण कायद्याने हात धरून कोणी नेत नाही. जिवंतपणी केलेली तुमची सही ही इच्छा झाली. प्रत्यक्ष त्या दिवशी घरच्यांनीच फोन करायचा, डॉक्टरचा दाखला घ्यायचा, लवकरात लवकर पोचवायचं. घरच्यांपैकी कोणी आडवं आलं तर कॉलेज हात लावत नाही. अपघात झाला, शवविच्छेदन करावं लागलं, काही संसर्ग असले, तर ते नाकारतात. डोळे द्यायचे असतील तर साधारण सहा तासांच्या आत. म्हणजे बाबा, तुमचं हे तत्त्व अमलात आणणारे हात दादाचे, माझे आणि आईचे असणार आहेत. 'दोघांपैकी कोणीही एक' पुरत नाही.

आणि आईला काय हवंय ते तुम्ही विचारलंत का? मी विचारलं. गेल्या महिन्यात ती इथे होती तेव्हा, भाजी निवडताना. ती म्हणाली, 'त्यांचं शरीर, त्यांनी कुणालाही द्यावं. पण दहाव्या दिवशी मी काय करू? कुठे जाऊ?' मग म्हणाली, 'निदान प्रीतिसंगमावर ओंजळभर पाणी.' आणि लगेच, 'त्यांना सांगू नकोस.'

सांगते आहे. आई, माफ कर.

बाबा, आजी गेली तेव्हाचा दहावा दिवस आठवतो? काकांच्या हट्टापायी तुम्ही घाटावर आलात, पण लांब उभे राहिलात, हात मागे बांधून. कावळा काही शिवेना. दीड तास. काकांनी सगळं बोलून पाहिलं, शेताचं, देवाचं, नातवंडांचं. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले. तेव्हा तुम्ही पुढे झालात. मी तुमच्या मागेच होते. तुम्ही हळूच म्हणालात, 'अक्काला मी अंतर देणार नाही.' लगेच कावळा आला असं काही झालं नाही, शेवटी दर्भाचाच लावला. पण आत्या, म्हणजे तुमची अक्का, तुमच्या शेजारी उभी होती आणि तिने पदर तोंडाला लावला. नवऱ्याने टाकलेली ती बाई त्यानंतर एकोणीस वर्षं आपल्या घरात राहिली आणि तुम्ही तिला एकदाही ओझं वाटू दिलं नाहीत. कावळ्याशी तुम्ही बोललाच नव्हतात. पण तो घाट, ते पिंड, ती गर्दी नसती, तर ते वाक्य तुम्ही कुठे म्हणाला असतात?

मी सही करणार. त्यात घासाघीस नाही. तुमच्या देहावर तुमचा हक्क, आणि उद्या कोणी डॉक्टर होणारी मुलगी त्यावरून शिकली तर मला आनंदच होईल. मंत्र, तेरावं, गोदान, यातलं काही मी कोणाला करू देणार नाही, काकांना सुद्धा. पण आईला ओंजळभर पाणी सोडायचं असेल तर मी तिच्याबरोबर घाटावर जाईन. हे तुमच्या माघारी, तुम्हाला फसवून करायची माझी इच्छा नाही. म्हणून फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुम्ही तुमच्या अक्षरात दोन ओळी लिहा: कॉलेजने नाही म्हटलं तर काय करायचं, आणि आईने काय केलेलं तुम्हाला चालेल. 'चालेल' हा शब्द आवडत नसेल तर दुसरा शोधा, तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. आणि 'नाही चालणार' लिहिलंत तर तेही आईला तोंडावर सांगा. मला लिहून देऊ नका.

फॉर्म कुरिअरने पाठवत नाही. शनिवारी कोयना एक्सप्रेसने येते. दादालाही यायला सांगितलंय. तो 'बघतो' म्हणालाय, म्हणजे येईल. ओगलेवाडीला उतरून रिक्षा करेन, घ्यायला येऊ नका, ड्रॉप्स दिवसातून चार वेळा घालायचे आहेत आणि धूळ चालणार नाही.

आई, खांद्याचं मलम आणते आहे. आणि टेबलावर एक पेन काढून ठेव. काळ्या शाईचं. लाल नको.

तुमची
धाकटी