बाबांची कावीळ आणि माझं थायरॉइड

पुणे,
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवरच बोललो असतो, पण तुम्ही स्पीकर लावता आणि समोरच्या काकू तिथेच भाजी निवडत बसलेल्या असतात. म्हणून पत्र. बाबांनी मोठ्यानं वाचायचं आणि आईनं मध्ये बोलायचं नाही. (बोलणारच आहेस, माहीत आहे.)

पाडव्याच्या सकाळी माझ्या गोळ्यांचं पाकीट सापडत नव्हतं. मी बॅग उलटीपालटी केली, मुलाला ओरडलो. शेवटी आई, तूच ते काढून दिलंस, मेतकुटाच्या डब्यातून. मावशी यायची होती, कुणाच्या नजरेला पडायला नको, असं म्हणालीस. मी हसलो तेव्हा. पण त्या पाकिटाला अजून हिंगाचा वास येतो आणि रोज सकाळी गोळी काढताना तोच प्रसंग पुन्हा आठवतो.

मग मावशी आलीच. "थायरॉइड काय म्हणतंय रे?" पानात मला सोडून सगळ्यांना कोबीची भाजी वाढली, कारण थायरॉइडला कोबी चालत नाही असं तिला कुणीतरी सांगितलंय. निघताना रात्रभर भिजवलेल्या धन्यांच्या पाण्याची कृती दिली. इतक्या मायेनं सांगत होती की मला खोटं वाटण्याऐवजी लाजच वाटली.

गंमत अशी की थायरॉइड नाही हेच माझ्याबद्दल सगळ्यात खात्रीनं सांगता येतं. डॉक्टरांनी गोळी लिहायच्या आधी रक्त तपासायला सांगितलं होतं: थायरॉइडची टीएसएच, बी-12, हिमोग्लोबिन. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून ते आधी बघतात. माझा रिपोर्ट अगदी नॉर्मल होता. म्हणजे जो आजार नाही असा कागद माझ्या फाइलला लावलेला आहे, नेमका तोच तुम्ही गावभर सांगितलात.

मला जे झालं त्याला डिप्रेशन म्हणतात. नैराश्य हा शब्द मला फारसा पटत नाही, तो निकालात नापास झालेल्या पोराचा वाटतो. मी निराश नव्हतो. दुःख झालं असतं तर रडून तरी घेतलं असतं. गेल्या वर्षी जूनमध्ये सुरू झालं तेव्हा आंघोळीला उठायचं म्हणून पलंगाच्या कडेला बसायचो आणि अर्धा तास तिथेच. कंपनीच्या पार्किंगमध्ये हेल्मेट न काढता गाडीवर बसून राहायचो. पहाटे तीनला जाग, मग सहापर्यंत छताकडे बघणं. जेवणाला चव नाही आणि पोराच्या हसण्याचासुद्धा त्रास व्हायचा. हे शेवटचं लिहायला मला दीड वर्ष लागलं.

डॉक्टरांकडे गेलो ते ऑगस्टमध्ये, तेही बायकोनं नंबर लावला म्हणून. त्या इमारतीत खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. जिन्यात आमच्या स्टोअरमधला एक जण भेटला. तो म्हणाला दाढ, मी म्हणालो दाढ. दोघंही वर चढत गेलो.

गोळीचं नाव एस्सिटालोप्राम. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ, फरक काहीच नाही. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं: हे क्रोसिन नाही, दोन ते चार आठवडे धीर धरावा लागेल. तिसऱ्या आठवड्यात एकदा चहा चांगला लागला. एवढंच झालं, पण मला ते कळलं.

आणि आई, मग मागच्या दिवाळीत तू म्हणालीस, "आता छान दिसतोयस की. सोड त्या गोळ्या, सवय लागेल." मी सोडल्या. तुला दोष देत नाही, मलाही तेच ऐकायचं होतं. चार दिवसांत गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात बारीक शॉक बसल्यासारखं व्हायचं. ते थांबलं, पण संक्रांतीच्या सुमारास मी पुन्हा पलंगाच्या कडेला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, बरं वाटायला लागल्यापुढे निदान सहा-नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते आणि सोडायची ती हळूहळू, त्यांना विचारून. झोपेच्या गोळ्यांसारखी हिची चटक लागत नाही, पण एकदम तोडली की शरीर कुरकुरतं. बाबांची बीपीची गोळी बारा वर्षं चालू आहे, तिच्या सवयीची काळजी आपल्या घरात कुणी केली नाही.

मिरजेत राहून आपण हे करतो याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. चार पावलांवर एक दवाखाना असलेलं गाव. कर्नाटकातून गाड्या भरून लोक येतात. हाडाचा, हृदयाचा, मुतखड्याचा डॉक्टर कोण चांगला, हे रिक्षावाला सांगतो. पण मनाचं काही म्हटलं की आपल्याकडे एकच वाक्य: "ह्याला रत्नागिरीला न्यायला पायजे." पुण्यात तेच येरवडा म्हणतात, मुंबईत ठाणे. तिथे मनोरुग्णालयं आहेत म्हणून अख्खी शहरं आपण शिवीसारखी वापरतो.

बाबा, आता तुमच्याशी.

मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही पेपर खाली न ठेवता म्हणालात, "आमच्या वेळी असले आजार नव्हते." मी गप्प बसलो. पण 1994 चा उन्हाळा मला आठवतो. मी अकरा वर्षांचा होतो. तुम्ही कोर्टातून रजा घेतली होती आणि मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपून असायचात. आम्हाला सांगितलं, बाबांना कावीळ झालीय. माझ्या वर्गातल्या एकाच्या वडिलांना खरीच कावीळ झाली होती. त्यांच्याकडे तेल-हळद बंद, नुसता ऊस आणि फुटाणे, डोळे लिंबासारखे पिवळे. तुमचे डोळे पांढरे होते आणि आई तुम्ही काहीतरी खावं म्हणून रोज सांडगे तळायची. मी ताईला विचारलं, ही कसली कावीळ? तिनं मला चिमटा काढला.

त्या वर्षी उरुसात तुम्ही दर्ग्यावर गाणं ऐकायलाही गेला नाहीत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या समाधीपाशी दरवर्षी रात्रभर बसणारे तुम्ही. आणि त्याच उन्हाळ्यात परसातल्या आडावर लोखंडी जाळी बसली, तिला कुलूप लागलं. मुलं पडतील म्हणून, असं आई म्हणाली. आम्ही तोवर अकरा वर्षं त्या आडाभोवती खेळलो होतो.

मला उत्तर नको आहे, बाबा. तुम्ही तेव्हा कुणाला बोलला नाहीत ते मी समजू शकतो. कोर्टातल्या माणसाला आत्महत्येच्या प्रयत्नाचं 309 कलम पाठ असणारच. जीव नकोसा होऊन तो द्यायला निघालेला माणूस त्या कलमात आजारी नसायचा, आरोपी असायचा. ते आता तसं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसावर प्रचंड ताण होता असंच धरून चालायचं ठरवलं आणि त्याला शिक्षा नको, मदत द्या म्हटलं. गेल्या वर्षीच्या जुलैपासून आलेल्या न्याय संहितेत तर ते जुनं कलमच नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी कुणी असं केलं तर तेवढंच वेगळं ठेवलंय. तुम्ही शिरस्तेदार होऊन निवृत्त झालात, तुम्हाला मी कलमं सांगणं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण सांगायचं होतं.

माई आत्याला वाऱ्याचं, तुम्हाला कावीळ, मला थायरॉइड. आत्याला तर मी फोटोतच पाहिलंय. तिला किती वेळा गाणगापूरला नेलं आणि डॉक्टरकडे किती वेळा, हे विचारायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.

आई, ताईच्या सईचं लग्न होईपर्यंत तरी गप्प बस, असं तू परवा म्हणालीस. घराण्यात आहे म्हणतील, स्थळ मोडेल. तुझी भीती खोटी नाही. असली स्थळं मोडताना आपण दोघांनी पाहिलीयत. पण तुला एक माहीत नाही. साखरपुड्याच्या आधीच सईनं त्या मुलाला माझ्याबद्दल सांगितलं. मला विचारून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मामा आता कसे आहेत?" आणि दुसरा विषय निघाला. ताईलाही ठाऊक आहे. आता फक्त तुम्ही दोघं आणि मावशी थायरॉइड सांभाळताय.

निम्हान्सनं, म्हणजे बंगळुरूच्या मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेनं, 2015-16 मध्ये बारा राज्यांत पाहणी केली होती. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपण काही वेगळ्या मातीचे नाही. मोठ्या माणसांत साधारण वीसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन होतं, असं त्यात निघालं. लग्नाला चारशे पानं उठणार ना? मग हिशेब तूच कर, किती जणांच्या घरी मेतकुटाचे डबे असतील.

मी मांडवात माइक घेऊन काही सांगणार नाही, घाबरू नकोस. पण कुणी विचारलं तर थायरॉइड म्हणणार नाही. डिप्रेशन झालं होतं, औषध चालू आहे, बरा आहे, एवढं म्हणेन आणि जिलबी घेईन. तू शेजारी असलीस तर नुसती उभी राहा. काही बोलायची गरज नाही.

आणखी एक. ताई सांगत होती, बाबा हल्ली पहाटे तीनला उठून अंगणात बसतात, पोट साफ नाही म्हणतात, पेपरही अर्धा सोडतात. म्हातारपणी झोप कमी होते हे खरं. पण तीनची जाग माझ्या ओळखीची आहे. बाबा, मी आलो की आपण दोघं जाऊन येऊ. आधी रक्त तपासू, थायरॉइडसकट. निघालं तर निघालं, मावशी खूश होईल. नको वाटलं तर नाही जायचं. नुसतं फोनवर बोलायचं असेल तर 14416 हा सरकारी नंबर आहे, टेलिमानस म्हणतात, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. मी एकदा रात्री लावला होता. पलीकडच्या बाई खूप हळू बोलत होत्या.

शनिवारी कोयनेनं येतो, संध्याकाळपर्यंत पोचेन. स्टेशनवर येऊ नका. गोळ्या या वेळी फ्रीजवर ठेवणार आहे, बाबांच्या बीपीच्या गोळीशेजारी.

तुमचा,
बंडू

ता. क. मावशीला सांग, मला कोबी चालतो.