जम्बोची तिसरी खुर्ची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या जेट विमानांच्या आठवणींचा आपला लेख वाचला. एअर इंडियाचे शेवटचे 747 विमान 22 एप्रिल 2024 रोजी मुंबईहून अमेरिकेला गेले, तिथून सुरू झालेला लेख वैमानिकांपाशीच थांबला. पण 1971 साली आलेल्या 747-200च्या कॉकपिटमध्ये तिघे बसत. उजव्या भिंतीवरच्या पॅनेलसमोर बसणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरविषयी एक ओळही नसावी, याचे वाईट वाटले.

नुसते काटे बघत बसणे हे त्याचे काम नव्हते. इंधनाच्या चार मुख्य टाक्या, पंखांच्या टोकांकडे दोन राखीव आणि मध्ये एक मोठी. मधली आधी संपवायची. कारण हवा पंख वर वाकवू पाहते तेव्हा पंखातल्या इंधनाचे वजनच त्याच्या मुळावरचा ताण कमी करते. मग 2 आणि 3 क्रमांकांच्या टाक्यांवर चारही इंजिने चालवायची. त्यांतला साठा 1 आणि 4 इतका उतरला की टाक्या एकमेकींना जोडणारे क्रॉसफीड व्हॉल्व्ह बंद, पुढे ज्याची टाकी त्याचे इंजिन.

इंजिन सुरू करताना खरी कसोटी. हवेच्या दाबाने फिरवून एन-2, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागाच्या फिरण्याचा वेग, सुमारे 20 टक्क्यांवर आला की इंधन सोडायचे आणि नजर ईजीटीवर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानावर. मागून वारा असेल तर आतला हवेचा ओघ मंदावतो, इंधन मात्र तेवढेच, आणि काटा भराभर चढतो. तो मर्यादेला टेकण्याआधी इंधन तोडायचे, हवेने इंजिन फिरवत ठेवून धग बाहेर काढायची. इथे चुकले की टर्बाइनची पाती भाजलीच.

उड्डाणाच्या वेळी कॅप्टन थ्रॉटल अंदाजाने पुढे नेई. वेग 80 नॉट्सच्या आत असतानाच चारही इंजिनांचा ईपीआर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या आणि पुढच्या दाबाचे गुणोत्तर, खुणेवर बसवायचा तो इंजिनिअरने. ईपीआरची नळी बर्फाने बुजली तर काटा खोटे बोलतो, म्हणून एन-1, म्हणजे पुढच्या पंख्याचा वेग, ताडून बघायचा. 13 जानेवारी 1982 रोजी वॉशिंग्टनला दोन वैमानिकांच्या 737वर ईपीआरचा काटा 2.04 दाखवत होता, प्रत्यक्षात होते 1.70. विमान पोटोमॅक नदीत कोसळले.

आणि 1 जानेवारी 1978 ची रात्र मुंबईकर कशी विसरतील? एअर इंडियाचे 747 ‘सम्राट अशोक’ उजवे वळण संपवून सरळ झाले, तरी कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमानाचा कल दाखवणारे यंत्र, उजवा कलच दाखवत राहिले. तो सावरायच्या प्रयत्नात विमान डावीकडे कलत गेले. खाली काळा समुद्र, बाहेर क्षितिज नाही. त्या यंत्रावर विसंबू नका, हे सांगणारा आवाज फ्लाइट इंजिनिअरचा होता. वेळ उरली नव्हती. वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ 213 जण गेले.

1993 मध्ये 747-400 आले. दिवे, काटे, बटणे 971 वरून 365 वर आली आणि ती खुर्ची गेली. पॅनेल पडद्यावर आले हे चांगलेच झाले. पण ते जुने पॅनेल हाताळलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. पुढच्या पुरवणीत त्यांच्याकडूनही लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले