चतुर्थीआधी तुझ्या जॉयस्टिकचं बघू

मालवण,
श्रावणातला रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

चतुर्थीला तू पोरांना घेऊन येतोयस हे कळल्यापासून आई रोज दिवस मोजतेय. जुने आर्केड गेम घरी खेळायला कुठली जॉयस्टिक घेऊ, असं तू विचारलंस. फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मला सांग, तू खेळणार काय आहेस? बाकी सगळं त्यावर ठरतं. जॉयस्टिकच्या पोटात चार बाजूंना चार मायक्रोस्विच, म्हणजे टिक करून दाबले जाणारे छोटे स्विच असतात. दांडा उजवीकडे नेला की एक दाबला जातो. तिरका नेला की शेजारचे दोन एकदम दाबले जातात, त्यातून आठ दिशा मिळतात. एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आपण रुपया रुपया घालून 'मुस्तफा' खेळायचो, आठवतं? त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा 1993 चा गेम. त्यात रस्त्यावर तिरकं चालता आलं नाही तर गुंड गाठलेच म्हणून समज. तिथे आठ दिशा हव्यातच.

पण 1980 चा पॅक-मॅन आणि 1981 चा डाँकी काँग यांच्या मूळ मशीनवरचा दांडा चारच दिशांना जायचा. मी पहिल्यांदा एक स्वस्तातला किट मागवला होता, आठ दिशांचा. त्यावर पॅक-मॅन लावला आणि दोन दिवसांत कंटाळलो. वळणावर हात जरा तिरका गेला की दोन स्विच लागायचे आणि तो वळायचं सोडून सरळ भुताच्या तोंडात जायचा. डाँकी काँगमध्ये शिडीशी तसंच. मला वाटलं, वय झालं, हात राहिला नाही. हाताचा काहीच दोष नव्हता रे, दांडा त्या खेळाचा नव्हता.

मग सानवा या जपानी कंपनीची जेएलएफ नावाची जॉयस्टिक घेतली. तिच्या तळाला एक प्लास्टिकचं गेट असतं, दांड्याला किती आणि कुठे जाऊ द्यायचं ते त्या गेटच्या भोकावर ठरतं. भोक चौकोनी असलं की दांडा कोपऱ्यांत जातो, म्हणजे तिरक्या दिशा मिळतात. चारच दिशा हव्या असल्या तर गेटच्या पकडी सोडवायच्या, आतली चकती 45 अंशांत फिरवायची आणि पुन्हा दाबून बसवायची. चौकोनाची शंकरपाळी होते. आता कोपरे नेमके वर, खाली, डावीकडे, उजवीकडे येतात, आणि दोन स्विच एकदम लागतच नाहीत. पहिल्यांदा तसं करून पॅक-मॅन लावला, तर तो प्रत्येक वळणाला हवा तसा वळला. मी रात्री एकपर्यंत खेळत बसलो होतो.

मोटरवर गेट आपोआप बदलणारी जॉयस्टिकही मिळते, अल्टिमार्क कंपनीची सर्वोस्टिक. आपल्या खाऱ्या हवेत मोटरची आणखी एक भानगड मी तरी घरात आणणार नाही. पोरं पॅक-मॅनच जास्त खेळणार असतील तर सरळ दोन दांडे बसव, एक कायमचा चार दिशांचा. दर वेळी खालून उघडत बसणं जिवावर येतं.

मूठ गोल घ्यायची की लांबट, हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न. जपानी दांड्यांना गोळा असतो, अमेरिकन दांड्यांना फुगीर लांबट मूठ. तळहात वर करून दांडी दोन बोटांत धरायची माझी सवय, म्हणून मला गोळा बरा वाटतो. तुझी पकड मुठीची होती, तुला लांबट मूठ आवडेल.

आता दांडा आणि बटणं बसवायच्या लाकडी पेटीचं. आमच्या सुतारकाकांनी पहिल्यांदा सामान बघितलं आणि विचारलं, "ह्या कित्याक होया रे तुका?" सांगितल्यावर मात्र त्यांनी जीव ओतून काम केलं. अठरा मिलिमीटरच्या प्लायवर दांडा बसवला तर तो वर आखूड राहतो. म्हणून त्यांनी पटाशीने खालून खाच घेत घेत तेवढ्या जागेत फळी सहा मिलिमीटरची केली, दर दोन फटक्यांनी अंगठा लावून जाडी बघत. वरची फळी त्यांनी बिजागरीवर ठेवली, म्हणून गेट फिरवायला पेटी उलटी करावी लागत नाही. बटणं 30 मिलिमीटरची घे, पण आट्याची. नुसती दाबून बसणारी बटणं पातळ पत्र्याला ठीक, जाड प्लायला ती धरत नाहीत.

एक गोष्ट विसरू नकोस. तुझी पेटी गावच्या घरी राहणार असेल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच लाव. माझ्या पहिल्या किटच्या प्लेटला एका पावसाळ्यात गंज चढला, आणि स्विच एकदा लागे, एकदा न लागे. आता खेळून झालं की पेटीवर जाड कापड घालतो, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. दांडा कुरकुरला तर खोबरेल तेल घालू नकोस, धूळ धरून चिकट होतं. थोडं सिलिकॉन ग्रीस पुरतं.

टेंपेस्ट या गेमला फिरवायची कळ लागते, सेंटिपीडला ट्रॅकबॉल, म्हणजे तळहाताने फिरवायचा गोळा. ती हौस पुढच्या वर्षी. 1982 च्या रोबोट्रॉन या गेमला मात्र आठ दिशांचे दोन दांडे लागतात, एकाने पळायचं, दुसऱ्याने गोळ्या झाडायच्या. तू दोन घेतलेस तर तोही होईल, फक्त तेव्हा चार दिशांच्या दांड्याचं गेट फिरवून आठ दिशांचं करावं लागेल.

पोरांना कुठले तीन गेम सगळ्यात आवडतात ते विचारून कळव, मग काय मागवायचं ते पक्कं सांगतो. आणि येताना जेएलएफची पाच तारांची एक जादा वायर घेऊन ये, माझी उंदराने कुरतडलीय. कुडाळला उतरलास की फोन कर, मी गाडी घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मालवणकर